नखाएवढ्या जिवाचे नाव

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी आम्हांला भेटावयास आली. ती ऑस्ट्रेलियात सागरी जीवशास्त्राचा अभ्यास करते. घरच्या फराळाचा डबा मेजावर ठेवून तिने आपल्या संगणकावर आम्हांला सहा छायाचित्रे दाखविली. प्रत्येक छायाचित्रात प्रवाळावर विसावलेला एकेक मासा होता. काचेसारखे पारदर्शक अंग, त्यावर तांबूस ठिपके आणि डोक्याच्या मानाने फार मोठे वाटणारे डोळे. प्रत्यक्षात हा मासा आपल्या करंगळीच्या नखावर मावेल, असे ती म्हणाली. मग तिने विचारले, ''फादर, यांत किती जातींचे मासे आहेत, सांगा पाहू.''

आम्ही चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिले आणि ''एकच'' असे उत्तर दिले. ती हसली. पाच चित्रांत तीन वेगवेगळ्या जाती होत्या. सहाव्या चित्राखाली मात्र तिने केवळ कुळीचे नाव लिहिले होते आणि पुढे ''जाती अनिश्चित'' एवढेच शब्द होते. दोन वर्षे या माशांचा अभ्यास करूनही याचे नाव तुला सांगता येत नाही काय, असे आम्ही थोड्या थट्टेनेच विचारले. ती गंभीरपणे म्हणाली, ''दोन वर्षांपूर्वी मी चटकन सांगितले असते, फादर. आता चुकीचे नाव देण्याची भीती वाटते.''

ती निघून गेल्यावर हे शब्द आमच्या मनात राहिले. जो जीव मुठीत घेतला तर हरवून जाईल, त्याला चुकीच्या नावाने हाक मारली तर कोणाचे काय बिघडणार होते? तरीही त्या मुलीला भीती वाटत होती. ही भीती कोणत्या जातीची आहे, ती केवळ शास्त्रीय शिस्तीतून येते की तिच्यात काही नैतिक सत्य आहे, याचा विचार आम्ही गेले काही महिने करीत आहो. तोच विचार येथे वाचकांपुढे मांडावा असे वाटते.

प्रथम त्या माशाची ओळख करून घेऊ. गोबी हे नाव आपल्यापैकी अनेकांना अपरिचित असेल. त्याचे गणगोत मात्र अपरिचित नाही. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटी आपण लहानपणी पाहिलेली आहे आणि कित्येकांनी चवीने खाल्लेलीही आहे. ती याच गणगोतातली. निवटी उलटी करून पाहिली, तर छातीखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची लहानशी वाटी झालेली दिसते. बहुतेक गोबी माशांची हीच खूण होय. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दी लॅटिन नावे देण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा त्यांच्या ग्रंथात युरोपच्या किनाऱ्यावरील एका काळ्या गोबीचाही समावेश होता. आज गोबींच्या जातींची मोजणी दोन हजारांच्या आसपास पोहोचली आहे.

यांपैकी सर्वांत धाकटी भावंडे उष्ण समुद्रांतील प्रवाळांच्या खडकांत राहतात. 'एव्हिओटा' या नावाची त्यांची एक कुळी आहे. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत ती पसरलेली आहे. तिच्यातील बहुतेक मासे पूर्ण वाढले तरी दोनअडीच सेंटीमीटरांपलीकडे जात नाहीत. याहूनही लहान असा 'ट्रिमॅटॉम नॅनस' नावाचा एक गोबी आहे. विंटरबॉटम आणि एमरी या दोन शास्त्रज्ञांनी १९८१ साली हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहातून त्याची नोंद केली. त्याची मादी आठ ते दहा मिलिमीटर लांबीची झाली की अंडी धारण करण्याइतकी प्रौढ होते. 'नॅनस' या लॅटिन शब्दाचा अर्थ बुटका. आमच्या मेजावरील जपमाळेचा एक मणी आम्ही पट्टीने मोजून पाहिला. तो आठ मिलिमीटरांचा भरला. एवढ्या देहात मेंदू, हृदय, पाठीचा कणा, डोळे आणि पुढची पिढी, सारे काही सामावलेले असते.

अशा जिवाची जात कशी ओळखतात? हे ऐकताना आम्हांला वारंवार सेमिनरीतील आमच्या शिक्षकांची आठवण होत होती. एखाद्या कठीण वचनाचा अर्थ लावताना, आधी शब्द पाहा, मग त्याचे रूप पाहा, मग मागचापुढचा संदर्भ पाहा आणि अखेरीस बोला, असे ते सांगत. माशाच्या बाबतीतही क्रम तसाच आहे. प्रथम छातीखालचे पर पाहतात. एव्हिओटांमध्ये ते आपल्या निवटीप्रमाणे वाटीसारखे जुळलेले नसून बहुधा सुटे असतात आणि त्यांतील बारीक काड्यांना झालरीसारख्या फांद्या फुटलेल्या असतात. पाचवी काडी आहे की नाही, असल्यास केवढी आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. मग पाठीवरच्या व पोटाकडच्या परांतील काड्या मोजावयाच्या. एका काडीचा फरकही दुर्लक्षून चालत नाही.

त्यानंतर डोके. माशाच्या डोक्यावर सुईच्या अग्राहून बारीक छिद्रे असतात. पाण्यातील हालचाल टिपणाऱ्या नलिकांची ती तोंडे होत. त्यांपैकी कोणते छिद्र आहे आणि कोणते नाही, यावरून एका जातीची दुसरीपासून फारकत होते. ती साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मासा निळ्या रंगाच्या द्रावात बुडवितात आणि मग ती उठून दिसतात. मणके मोजण्यासाठी क्ष-किरणांचे चित्र घेतात. कातडीवरचे ठिपके आणि पारदर्शक अंगातून दिसणारे आतले काळे पट्टे, हे सारे एकेक करून लिहून काढतात. अलीकडे यांच्या जोडीला जनुकांचे प्रमाणही आले आहे. प्रत्येक पेशीत असणाऱ्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून जाती ताडून पाहण्याची पद्धत २००३ सालापासून पुढे आली. मात्र तीही अंतिम न्यायाधीश नव्हे. तिच्या साक्षीची सांगड शरीराच्या साक्षीशी घालावी लागते.

रंगाची गोष्ट तर मोठी बोधप्रद आहे. मासा मद्यार्कात ठेवला की त्याचे तांबडे, पिवळे रंग नाहीसे होतात. बाटलीत उरतो तो एक पांढुरका देह. म्हणून मासा जिवंत असताना किंवा मरताच त्याचे छायाचित्र घेऊन ते त्याच देहाच्या क्रमांकाशी जोडून ठेवावे लागते. 'एव्हिओटा नायग्रिव्हेंट्रिस' म्हणजे 'काळ्या पोटाची' अशी एक जात १९३३ साली नोंदविण्यात आली होती. पुढे, २०११ साली, ग्रीनफील्ड आणि रँडल या शास्त्रज्ञांनी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दोन निराळ्या जाती पश्चिम प्रशांत महासागरातून पुढे आणल्या. एकीच्या नावाचा अर्थ 'फिक्या पिवळ्या पाठीची' आणि दुसरीच्या नावाचा अर्थ 'जांभळ्या पाठीची'. त्यानंतर २०१४ साली पापुआ न्यू गिनीतून आणखी एक भावंड निघाले. समुद्रात जी पाठ पिवळी किंवा जांभळी असते, ती बाटलीत फिकी पडते. ज्याने केवळ मृत देह पाहिला, त्याचा दोष नाही. पण त्याला पूर्ण सत्यही दिसलेले नाही.

क्लुन्झिंगर या जर्मन वैद्याने तांबड्या समुद्रातील एका जातीचे वर्णन १८७१ साली केले, तेव्हापासून हे काम चालू आहे. १९८० साली लाखनर आणि कार्नेला यांनी या कुळीचा सविस्तर ग्रंथ लिहिला आणि आठ नव्या जाती जोडल्या. २०१६ साली ग्रीनफील्ड आणि विंटरबॉटम यांनी १८७१ पासून तोवर वर्णिलेल्या सर्व जाती पायरीपायरीने ओळखता याव्यात म्हणून एक मार्गदर्शिका तयार केली. जातींची संख्या तोवर शंभरावर गेली होती. दीडशे वर्षांत कितीतरी माणसांनी आपली दृष्टी आणि आयुष्याची उमेद या नखाएवढ्या जिवांसाठी खर्ची घातली.

आणि त्या जिवाचे आयुष्य किती? येथे आम्ही खरोखर स्तब्ध झालो. 'एव्हिओटा सिजिलाटा' नावाचा एक गोबी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील ग्रेट बॅरियर रीफ या अफाट प्रवाळरांगेत राहतो. माशाच्या कानात एक सूक्ष्म खडा असतो आणि झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे त्यावर दररोज एक वलय चढते. जेम्स कुक विद्यापीठातील मार्शल डेपचिन्स्की आणि डेव्हिड बेलवूड यांनी अशी वलये मोजून २००५ साली दाखवून दिले की, या माशाचे आयुष्य जास्तीत जास्त ५९ दिवसांचे असते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतके अल्प आयुष्य तोवर कोणाचेही नोंदविले गेले नव्हते. या ५९ दिवसांपैकी पहिले सुमारे तीन आठवडे मोकळ्या समुद्रात वाहण्यात जातात. मग प्रवाळावर उतरून एकदोन आठवड्यांत तो प्रौढ होतो. उरलेल्या तीनसाडेतीन आठवड्यांत जोडीदार शोधणे, अंडी घालणे, सारे उरकावयाचे. मादी आयुष्यभरात सुमारे ४०० अंडी घालते आणि नर ती राखीत बसतो.

'सिजिलाटा' हा शब्द ऐकताच आमच्यासारख्या लॅटिन शिकलेल्या धर्मगुरूचे कान टवकारणे साहजिकच आहे. 'सिजिलुम' म्हणजे लहान आकृती, ठसा, मोहोर. पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टींच्या गुप्ततेवर जी मोहोर असते, तिला हाच शब्द लावतात. अंगावर ठशांसारख्या खुणा असलेला म्हणून हा मासा सिजिलाटा. ५९ दिवस जगणाऱ्या जिवाच्या अंगावरही मोहोर असते, हा विचार त्या नावाने आमच्या मनात पेरला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतके लहान आणि इतके क्षणिक जे आहे, त्याला अचूक ओळखण्याचे ऋण आपल्यावर आहे काय?

व्यवहारी उत्तर देता येते आणि ते खोटे नाही. सायमन ब्रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, प्रवाळरांगेत जेवढे माशांचे मांस इतरांच्या तोंडी पडते, त्यातील जवळजवळ ६० टक्के वाटा अशा तळाशी लपून राहणाऱ्या चिमुकल्या माशांचा असतो. ते झपाट्याने जन्मतात, झपाट्याने खाल्ले जातात आणि त्यांच्या जिवावर मोठ्या माशांची पंगत चालते. तेव्हा प्रवाळांचे रक्षण करावयाचे असेल, तर त्यांना ओळखलेच पाहिजे. परंतु केवळ एवढ्यावर थांबणे आम्हांला रुचत नाही. उपयोग आहे म्हणून ओळखावयाचे, तर ज्याचा उपयोग सापडला नाही त्याला ओळखण्याची गरज उरत नाही. उपयोगाच्या तराजूत जगाची कितीतरी लेकरे हलकी ठरतात.

पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकात आदाम प्राण्यांना नावे देतो, हा प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पुन्हा काळजीपूर्वक वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. देव गुरेढोरे, आकाशातील पाखरे आणि रानातील पशू आदामापुढे आणतो. त्या यादीत मासे नाहीत. पाचव्या दिवशी जळचरे आपापल्या जातीप्रमाणे निर्माण झाली हे आपण आधीच्या अध्यायात वाचलेले असते. नामकरणाच्या वेळी मात्र ती आदामापुढे आलेली दिसत नाहीत. यावरून आम्ही कोणताही सिद्धान्त काढू इच्छित नाही. तरी मनात येते की, समुद्रातील नामकरण हे आदामाच्या लेकरांसाठी उरलेले काम आहे. आणि आणखी एक गोष्ट: देव प्राणी आणून दाखवितो आणि आदाम काय म्हणतो ते पाहतो. नाव देण्याआधी भेट आहे, पाहणे आहे. न पाहता दिलेले नाव त्या कथेत बसत नाही.

एवढी विविधता कशासाठी, याचे उत्तर संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महान ग्रंथात दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, देवाचा चांगुलपणा कोणत्याही एका प्राणिमात्रात पुरेसा प्रकट होऊ शकत नाही; म्हणून त्याने अनेक आणि भिन्न भिन्न वस्तू निर्माण केल्या, की एकीत जे उणे पडेल ते दुसरीने भरून काढावे. हे जर खरे असेल, तर पिवळ्या पाठीची गोबी आणि जांभळ्या पाठीची गोबी यांना एकच समजणे ही लहानशी का होईना, वाचनातील चूक आहे. लेखकाने दोन शब्द लिहिले आणि आपण एकच वाचला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच विचाराला आजच्या काळाची धार दिली. आपल्या करणीमुळे सहस्रावधी जाती नष्ट होतात आणि त्या आपल्या अस्तित्वाने यापुढे देवाचा गौरव करू शकणार नाहीत. असे करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा त्यांच्या सांगण्याचा भाव आहे. २०२४ च्या एप्रिल महिन्यात शास्त्रज्ञांनी जगभरातील प्रवाळांच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात आणि ताप टिकला तर मरतात. काही गोबी जिवंत प्रवाळाच्या फांद्यांखेरीज कोठे राहतच नाहीत. नाव मिळण्याआधीच जे जात आहेत, त्यांच्या जाण्याची नोंद कोण करणार?

परंतु येथे एक शंका घेतली पाहिजे, आणि ती आम्हीच त्या मुलीला विचारली होती. हे मासे ओळखण्यासाठी तुम्ही ते मारता ना? तिने डोळे चुकविले नाहीत. होय, मारतो, असे ती म्हणाली. लवंगेच्या तेलाने त्यांना गुंगी आणतात, छायाचित्र घेतात, मग मद्यार्कात ठेवतात. नवी जात जाहीर करावयाची, तर तिचा एक देह नावाचा धनी म्हणून संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने त्या देहाशी ताडून पाहावे, असा हा प्रघात आहे.

ज्याच्या गौरवासाठी नाव द्यावयाचे, त्याचाच जीव घ्यावयाचा, यात विसंगती नाही काय? आम्हांला वाटते, विसंगती आहे आणि ती झाकू नये. ५९ दिवसांचा मासा उद्या कोणाच्या तरी तोंडी पडणारच होता, हे समर्थन पुरेसे नाही. मरण अटळ आहे म्हणून मारणे रास्त ठरत नाही. समर्थन असेल तर ते एवढेच की, मोजक्या देहांवाचून बाकीच्या सहस्रांची ओळख पटत नाही आणि ओळखीवाचून रक्षण होत नाही. असे समर्थन ज्याला द्यावे लागते, त्याच्यावर बंधने येतात. त्याने गरजेपेक्षा एकही जीव अधिक घेऊ नये. घेतलेल्या देहातून जेवढे शिकता येईल तेवढे शिकावे. आणि शंका असताना खात्रीचा आव आणू नये, कारण तसे केले तर तो मृत्यू वाया गेला. ''जाती अनिश्चित'' या शब्दांचे वजन आम्हांला तेव्हा उमगले. त्या मुलीची भीती म्हणजे घेतलेल्या जिवाविषयीचे कर्तव्य होते.

कोणी म्हणेल, माशाला आपल्या नावाशी काय करावयाचे आहे? नाव हे तर मालकीचे चिन्ह. ज्याला नाव दिले तो आपल्या ताब्यात आला. हा आक्षेपही खोटा नाही. नाव दोन प्रकारांनी देता येते. एका प्रकारात नाव दिले की पाहणे संपते. दुसऱ्या प्रकारात बरेच पाहून झाल्यावर नाव येते आणि पुढच्या माणसाने अधिक नीट पाहावे म्हणून ते दिलेले असते. पहिले नाव माणसाच्या सोयीचे असते. दुसऱ्या नावाने समोरच्या जिवाचे वेगळेपण मान्य होते. धर्मग्रामात आपण एकमेकांना कोणत्या प्रकारची नावे देतो, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे. हा दारुडा, ती भांडखोर, ते कुटुंब बाटगे, हा मुलगा वाया गेलेला. एकदा चिठ्ठी चिकटली की वर्षानुवर्षे कोणी बाटली उघडून पाहत नाही. आणि बाटलीत तर रंग उरतच नाहीत.

हे लिहीत असता आम्ही इतरांस उपदेश करून मोकळे होऊ शकत नाही, कारण आमच्या हातून घडलेली एक गोष्ट आम्हांला गेले काही महिने झोपू देत नाही. ती चूक उलट्या प्रकारची होती. सत्तावीस वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. एका कुटुंबात दिवस भरण्यापूर्वीच मूल जन्मले. सहा दिवस ते इस्पितळात काचेच्या पेटीत होते. घरी आणल्यावर बाप्तिस्मा करावा असे आईवडिलांच्या मनात होते. सातव्या दिवशी घरी आला तो देह. आम्ही दफनभूमीत प्रार्थना म्हटली, कचेरीत आलो आणि दफनाच्या नोंदवहीत वडिलांचे नाव लिहून पुढे ''यांचे बाळ, वय दिवस ६'' असे लिहिले. दाराशी आई उभी होती. ती म्हणाली, ''फादर, त्याचं नाव ठेवलं होतं आम्ही.'' आम्ही वही मिटत उत्तर दिले, ''बाप्तिस्मा झाला नव्हता ना बाई, मग राहू द्या.''

धर्माच्या कोणत्याही नियमाने आम्हांला ते नाव लिहिण्यास मनाई केलेली नव्हती. ज्या बालकाचा बाप्तिस्मा करण्याचा आईवडिलांचा हेतू होता, त्याच्या अंत्यविधीला धर्मनियमांत वाट आहे. बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेल्या बालकांना देवाच्या दयेवर सोपविण्यास ख्रिस्तसभा आपणांस शिकविते आणि २००७ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार असल्याचे विस्ताराने मांडले. परंतु आमची चूक ईशज्ञानाची नव्हतीच. खरे कारण एवढेच की, सहा दिवसांच्या आयुष्याला रकाना भरण्याइतके वजन आहे असे आम्हांला वाटले नाही. आम्ही त्या बाळाकडे पाहिले नव्हते. शवपेटी लहान होती, ऊन वाढत होते आणि सायंकाळी लग्नाची तालीम होती.

समुद्राच्या तळाशी ५९ दिवस जगणाऱ्या माशाचे वय माणसे त्याच्या कानातील एकेक वलय मोजून ठरवितात. त्याचे नाव चुकू नये म्हणून दोन वर्षे थांबतात. आणि आम्ही, ज्याला त्याच्या आईने नाव दिले होते त्याचे नाव ऐकूनही घेतले नाही. एका ठिकाणी नाव ठाऊक नव्हते म्हणून राखून ठेवले गेले. दुसऱ्या ठिकाणी ते दाराशी येऊन उभे होते आणि नाकारले गेले. घाईने चुकीचे नाव देणे आणि असलेले नाव न विचारणे, ही दोन्ही पापे एकाच उणिवेतून जन्मतात. समोरचा जीव पाहण्याइतका मोठा आपल्याला वाटत नाही.

लहानपण आणि अल्पायुष्य यांमुळे जिवाचे मोल घटत नाही, हे आम्ही व्यासपीठावरून शेकडो वेळा सांगितले असेल. दोन दमड्यांच्या चिमण्यांचा दाखला दिला नाही असे वर्ष गेले नसेल. मात्र बोलणे आणि मानणे यांत किती अंतर असते, ते एका माशाने दाखविले. येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. मूल आणि मासा यांना आम्ही एका पारड्यात घालीत नाही. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे आणि त्या बाळाचे मोल साऱ्या प्रवाळरांगांहून अधिक आहे. म्हणूनच तर लाज अधिक वाटते. धाकट्याला जेवढी काळजी मिळाली, तेवढीही थोरल्याला मिळाली नाही.

चाळिसाव्याच्या, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी आम्ही त्या जुन्या धर्मग्रामात गेलो. तेथील प्रमुख धर्मगुरूंना सर्व हकीकत सांगितली आणि त्यांच्या परवानगीने जुनी वही काढली. आमचेच अक्षर, तरुणपणीचे, ठसठशीत. मग आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. त्या आता आजी झाल्या आहेत. त्यांनी आम्हांला ओळखले, बसावयास सांगितले, पाणी दिले. आम्ही क्षमा मागितली आणि बाळाचे नाव विचारले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, ''फादर, एवढ्या वर्षांत घराबाहेरच्या कोणी पहिल्यांदाच विचारलं.'' त्यांनी नाव सांगितले. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून आम्ही ते दोनदा विचारले आणि कोणते अक्षर ऱ्हस्व, कोणते दीर्घ, तेही विचारून घेतले.

नोंदवहीतील जुनी ओळ आम्ही खोडली नाही. नोंद खोडण्याचा अधिकार कोणालाच नसतो. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात, लहान अक्षरांत, ते नाव लिहिले, खाली तारीख घातली आणि प्रमुख धर्मगुरूंनी त्यावर धर्मग्रामाची मोहोर उमटविली. ते नाव आम्ही येथे सांगणार नाही. ते त्या घराचे आहे.

नंतर त्या मुलीचे पत्र आले. सहाव्या छायाचित्रातील माशाचे नाव अद्याप ठरलेले नाही. छातीखालच्या परातील ती पाचवी काडी पुन्हा पाहावी लागणार आहे. सावकाश पाहा, असे आम्ही तिला कळविले.